बाहेर रेड अलर्ट, आत इंटरनेट

हवामान खात्याचा रेड अलर्ट शुक्रवारी संध्याकाळी आला, की शनिवार-रविवारचे बेत एकेक करून गळायला लागतात. लोणावळा नको, घाटात दरड येईल. आत्याकडे नको, परतताना लोकल बंद पडेल. फोन, पॉवर बँक, इमर्जन्सी दिवा असं सगळं चार्जिंगला लागतं. शनिवारी सकाळी कांदाभजी होतात, दोरीवरचे ओले कपडे आतल्या खोलीत पंख्याखाली येतात, आणि अकराच्या सुमारास घरातलं प्रत्येक माणूस आपापला कोपरा धरून फोन बघत बसलेलं असतं.

दोन तासांनी त्याला विचारा, काय पाहिलंस? सांगता येणार नाही. दोष त्याचा नसतो. बोटानं वर सरकवत राहायचं इंटरनेट पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखं वागतं. पान जरा रिकामं दिसलं की जिलबी पडलीच. काय खायचं हे विचारण्याची पद्धत तिथे नाही.

याच इंटरनेटवर दुसऱ्या जातीच्या जागाही आहेत. त्या स्वतःहून समोर येत नाहीत. नाव टाकून जावं लागतं. बहुतेक ठिकाणी लॉगिन लागत नाही, तुमचं वय-गाव कुणी विचारत नाही आणि 'तुम्हाला हेही आवडेल' असं कुणी सांगत नाही. बऱ्याचशा जागा एखाद-दुसऱ्या माणसाने स्वतःची हौस, कुतूहल किंवा आळस भागवण्यासाठी सुरू केल्या आणि मग जगाने तिथे गर्दी केली. घरात कोंडून पडलेल्या दिवशी त्या बघायला जावं, कारण त्यांना लागणारी एकच गोष्ट त्या दिवशी आपल्याकडे भरपूर असते, ती म्हणजे रिकामा वेळ.

आधी वादळच बघून घ्या

खिडकीतून दिसतो तो पाऊस शेवटच्या टप्प्यावरचा. तो कुठून निघाला हे बघायचं असेल तर 'अर्थ नलस्कूल' नावाचा पृथ्वीगोल उघडा. कॅमेरन बेकारिओ या प्रोग्रॅमरने तो २०१३ मध्ये टोकियोत बसून बनवला. काळ्या पडद्यावर गोल, आणि त्यावर वाऱ्याच्या हजारो बारीक रेषा सतत वाहत असतात. खालच्या कोपऱ्यात 'अर्थ' असं लिहिलेलं आहे, त्यावर टिचकी मारली की यादी उघडते. तिथे उंचीच्या ओळीत '८५०' निवडा. हा हवेच्या दाबाचा आकडा आहे. तो दाब साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो.

जून ते ऑगस्टमध्ये हा गोल अरबी समुद्रावर आणून ठेवला की मोसमी वारा म्हणजे काय, हे शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळतं. दक्षिण गोलार्धातले वारे आग्नेयेकडून आफ्रिकेच्या दिशेने येतात. पूर्व आफ्रिकेचे डोंगर त्यांना आडवे उभे असतात. त्या भिंतीला घासत वारा केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ त्याचा वेग वाढतो आणि तिथून तो अख्खा अरबी समुद्र पार करत भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे येतो. जॉन फिंडलेटर या हवामानतज्ज्ञाने १९६९ मध्ये या झोताचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला फिंडलेटर झोत असंही म्हणतात. पडद्यावर हा झोत वेगळ्या रंगाच्या पट्ट्यासारखा उठून दिसतो. समुद्रावरून येताना गोळा केलेली वाफ घेऊन तो सह्याद्रीवर आदळतो, वर चढतो, थंड होतो, आणि तुमच्या बाल्कनीतल्या पत्र्यावर वाजायला लागतो.

एक लक्षात ठेवा. या सुंदर रेषा म्हणजे प्रत्येक ठिकाणी जाऊन मोजलेला वारा नव्हे. अमेरिकेच्या हवामान संस्थेचं गणिती प्रारूप काही तासांनी नवा अंदाज काढतं, त्याचं हे चित्र. या क्षणी कुठे किती पाऊस आहे हे बघायचं तर आपल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मुंबईच्या डॉप्लर रडारची चित्रं असतात. रडार सूक्ष्मलहरी सोडतं, थेंबांवर आपटून परत आलेल्या लहरी मोजतं आणि पावसाचा जोर रंगांत दाखवतं. एकामागून एक चित्रं बघितली, की लाल ठिपका समुद्रावरून सरकत आपल्या उपनगरावर येताना दिसतो. चहा आत्ता टाकायचा की कपडे आधी काढायचे, एवढा निर्णय घ्यायला ते पुरेसं असतं.

विजांचा खेळ मात्र ऐन आषाढात बघायला जाऊ नका. कोकण-मुंबईच्या भर मोसमात धो-धो पडतं, पण कडकडाट कमीच असतो. विजा खऱ्या वळवाच्या आणि परतीच्या पावसात. अशा दिवशी 'ब्लिट्झऑर्टुंग' या हौशी मंडळींच्या जाळ्याचा नकाशा उघडावा. जर्मनीत सुरू झालेल्या या उपक्रमात जगभरचे लोक स्वखर्चाने घरी एक छोटं यंत्र बसवतात. वीज चमकते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही निघतात, आणि अतिशय कमी वारंवारितेच्या त्या लहरी शेकडो किलोमीटर जातात. प्रत्येक यंत्र त्या लहरीची वेळ सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत नोंदवतं. एका यंत्राला ती आधी पोचली, दुसऱ्याला किंचित उशिरा; या फरकांवरून वीज नेमकी कुठे पडली हे काढता येतं. रेडिओ लहर सेकंदाच्या दशलक्षांश भागात तीनशे मीटर जाते, तेव्हा घड्याळं चोख असली की हिशेब चोख.

नकाशावर प्रत्येक वीज ठिपक्याने उमटते आणि तिच्याभोवती एक वर्तुळ हळूहळू पसरायला लागतं. ते वर्तुळ म्हणजे गडगडाट. आवाज एक किलोमीटर जायला तीनेक सेकंद घेतो, त्याच वेगाने वर्तुळ मोठं होतं. वीज जवळ असेल तर त्याची कड तुमच्या घराला टेकते आणि त्याच सुमारास बाहेर गडगडतं. लहान मुलं घरात असतील तर हा खेळ तासभर पुरतो. या जाळ्याची यंत्रं युरोपात दाट आणि आपल्याकडे विरळ आहेत, त्यामुळे ते करमणुकीपुरतंच ठेवावं. जिवाची काळजी घ्यायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. ते आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देतं. शेतावर जाणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये ते असलेलं बरं.

वादळाचा तिसरा नकाशा विमानांचा. 'फ्लाइटरडार२४' दोन स्वीडिश विमानवेड्यांनी २००६ मध्ये सुरू केलं. विमानं आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत जाहीर करत असतात. गच्चीवर अँटेना लावून कुणीही ते ऐकू शकतं. अशा हजारो गच्च्यांवरची माहिती एकत्र केली की जगाचा नकाशा पिवळ्या विमानांनी भरून जातो. मुंबईत पावसाने दिसेनासं झालं, की आकाशात ताटकळणारी विमानं नकाशावर लांबट वर्तुळं काढायला लागतात. एखादं पाच-सहा फेऱ्या मारून कंटाळतं आणि अहमदाबादचा रस्ता धरतं. नातेवाईक त्यात नसतील तर हे बघायला मजा येते.

कॅमेरा लावून ठेवणारी माणसं

इंटरनेटवरून घरबसल्या दूरची जागा बघायची ही सवय एका कॉफीच्या भांड्याने लावली. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात १९९१ मध्ये सगळ्या संशोधकांना मिळून कॉफीचं एकच यंत्र होतं, 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर. इमारतीच्या दुसऱ्या भागातून जिने चढून-उतरून यावं आणि भांडं रिकामं असावं, हे रोजचंच झालं होतं. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी भांड्यासमोर कॅमेरा बसवला आणि त्याचं चित्र विभागातल्या संगणकांवर दिसेल असा प्रोग्रॅम लिहिला. चित्र होतं १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, करड्या रंगाचं, मिनिटाला दोन-तीनदा बदलणारं. कॉफी काही पळून जाणार नव्हती, तेव्हा तेवढं पुरे.

नोव्हेंबर १९९३ मध्ये हे चित्र वेबवर गेलं आणि ज्यांना त्या कॉफीचा घोटही मिळणार नव्हता असे लाखो लोक ते बघायला येऊ लागले. विभाग नव्या इमारतीत गेला तेव्हा, २२ ऑगस्ट २००१ रोजी, कॅमेरा बंद झाला. भांड्याचा ऑनलाइन लिलाव झाला आणि 'श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाच्या वेब आवृत्तीने ते बिघडलेलं यंत्र ३,३५० पौंडांना घेतलं. जगातला पहिला वेबकॅम म्हणून ज्याचा मान आहे तो असा जिने चढण्याच्या कंटाळ्यातून जन्मला.

कंटाळ्याचं टोक बघायचं असेल तर ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला चला. क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना एक गोष्ट दाखवायचं ठरवलं: जे घट्ट दिसतं ते घट्ट असेलच असं नाही. त्यांनी डांबराच्या जातीचा एक काळा पदार्थ घेतला. हातोडीने मारला तर तो काचेसारखा फुटतो. तो तापवून नरसाळ्यात ओतला, स्थिर व्हायला तीन वर्षं दिली आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं खालचं टोक कापलं. डांबर वाहायला लागलं. पहिला थेंब पडायला आठ वर्षं लागली. हिशेब केल्यावर या पदार्थाची दाटपणाची मात्रा पाण्याच्या २३० अब्ज पट निघाली.

पुढे जॉन मेनस्टोन यांनी १९६१ पासून हा प्रयोग सांभाळला. एक थेंब सुटायला आठ-दहा वर्षं आणि प्रत्यक्ष सुटण्याचा क्षण निमिषाचा. १९८८ मध्ये थेंब आता पडेल असं दिसत होतं. मेनस्टोन काहीतरी प्यायला म्हणून पाचेक मिनिटं बाहेर गेले आणि तेवढ्यात तो पडला. नोव्हेंबर २००० मध्ये ते परदेशात होते, पण कॅमेरा लावलेला होता. ऐन वेळी चित्रण साठवलंच गेलं नाही. २००५ मध्ये या प्रयोगाला 'इग नोबेल' मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. मेनस्टोन ऑगस्ट २०१३ मध्ये गेले. बावन्न वर्षं राखण करून त्यांनी एकही थेंब पडताना पाहिला नाही. नववा थेंब सुटला तो एप्रिल २०१४ मध्ये.

त्यानंतर दहाव्या थेंबावर कॅमेरा लागला आणि ते थेट चित्रण जगात कुणालाही बघायला खुलं झालं. पडद्यावर काचेची घंटा, नरसाळं, खाली लोंबणारा काळा गोळा. काहीही हलत नाही. आपण पाच मिनिटं बघतो, हसू येतं, आणि तरी खिडकी बंद करवत नाही, कारण न जाणो.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातला कॅमेरा मात्र बघणाऱ्यालाच कामाला लावतो. दर वसंतात तिथे मासे अंडी घालायला उथळ, ऊबदार पाण्याच्या शोधात शहराच्या कालव्यांतून वर जायला निघतात. वाटेत वेर्डस्लाउस नावाचं बोटींसाठीचं जुनं जलद्वार आहे. त्या दिवसांत बोटी कमी, म्हणून दार क्वचित उघडतं. मासे दारापाशी ताटकळतात आणि पाणपक्ष्यांना आयतं जेवण मिळतं. २०२१ पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा आहे आणि संकेतस्थळावर एक घंटा. मासा दिसला की घंटेचं बटण दाबायचं. त्या क्षणाचा फोटो जातो, पुरेसे मासे जमलेले दिसले की जलद्वार चालवणाऱ्याला निरोप मिळतो आणि दार उघडलं जातं. साधारण मार्च ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे आपल्याकडच्या वळवाच्या पावसाच्या सुट्टीला अगदी जुळणारा.

पडद्यावर बहुतेक वेळ नुसतं हिरवट-तपकिरी पाणी दिसतं. कचऱ्याचा कण सरकतो, आपलं बोट उगाच उचललं जातं. मग डावीकडून एक जाडजूड ब्रीम मासा सावकाश येतो, भिंगासमोर थांबतो, तोंड उघडझाप करतो. घंटा दाबताना जो आनंद होतो त्याला काही कारण देता येत नाही. कोकणी माणसाला इथे चढणीचे मासे आठवतील. जूनच्या पहिल्या पावसात तेही असेच अंडी घालायला ओढ्या-वहाळांतून भातशेतांत चढतात, आणि आपल्याकडे लोक त्यांच्या वाटेवर घंटा घेऊन नव्हे, जाळी आणि बॅटरी घेऊन बसतात. या चढणीच्या, म्हणजे वलगणीच्या माशांचं कालवण चवीला उत्तम असतं यात शंका नाही. पण गाभोळीसकट मासा खाल्ला की पुढच्या वर्षीचेही मासे त्याच ताटात येतात, हेही खरं.

कानांनी फिरायचं

डोळे थकले की 'रेडिओ गार्डन' उघडा. ॲमस्टरडॅमच्या जोनाथन पकी यांनी हे २०१६ मध्ये बनवलं. हाही पृथ्वीगोल, पण हिरव्या ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाव आणि तिथली रेडिओ स्टेशनं. गोल फिरवून ठिपका मधल्या वर्तुळात आणला की त्या गावात आत्ता जे वाजतंय ते सुरू. एका गावाहून दुसऱ्याकडे जाताना मध्ये खरखर ऐकू येते; ती मुद्दाम ठेवलेली आहे. ज्यांनी बुश किंवा मर्फीच्या रेडिओचं बटण मिलीमीटरने सरकवत सिलोन पकडलं आहे, त्यांना ती खरखर लगेच ओळखू येईल.

इथे मजा घड्याळाची आहे. आपल्याकडे शनिवारचे सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा जुलैत ऑकलंडला दुपारचे साडेचार होतात आणि आइसलँडच्या रेक्याविकमध्ये पहाटेचे साडेचार. एका ठिकाणी निवेदक शनिवार संध्याकाळच्या उत्साहात असतो, दुसरीकडे रात्रपाळीची मंद गाणी चालू असतात. भाषा कळली नाही तरी बातम्या कोणत्या, जाहिरात कोणती आणि हवामानाचा अंदाज कोणता, हे निव्वळ सुरावरून ओळखता येतं. घरात चार माणसं असतील तर गोल फिरवायचा, डोळे मिटायचे आणि देश ओळखायचा. पत्त्यांचा डाव मागे पडतो.

माणसांचे आवाज नकोत तर पक्ष्यांचे ऐका. 'झेनो-कँटो' हा पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह २००५ मध्ये दोन डच पक्षीप्रेमींनी सुरू केला. जगभरचे हौशी लोक आपण केलेली ध्वनिमुद्रणं तिथे ठेवतात. त्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आहे. प्रत्येक मुद्रणासोबत जागा, तारीख आणि वेळ असते, आणि आवाजाचा आलेख सरकताना दिसतो. शीळ खरोखर किती लांब होती आणि कुठे चढली, हे डोळ्यांनी बघता येतं. पिंजऱ्यासाठी पकडल्या जाणाऱ्या काही दुर्मीळ जातींचे आवाज मात्र तिथे सरसकट खुले नाहीत, कारण तेच आवाज वाजवून पक्षी पकडणारे त्यांना बोलावतात.

पावसाळ्यात तिथे शीळकरी कस्तूर शोधावा. सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी राहणारा हा निळाकाळा पक्षी पावसाचे दिवस आले की गायला लागतो, आणि गातो तो एखाद्या पोराने चाल विसरत-आठवत शीळ घालावी तसा. इंग्रजांनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी मुलगा' म्हटलं ते त्यामुळेच. महाबळेश्वर किंवा आंबोलीला पहाटे ही शीळ ऐकली असेल आणि कोण ते कळलं नसेल, तर वर्षानुवर्षांचं कोडं घरबसल्या सुटतं.

आकड्यांचं कोठार

आता अशी जागा, जिथे चित्र नाही, आवाजही जवळजवळ नाही. 'पूर्णांक श्रेणींचा ऑनलाइन ज्ञानकोश' असं लांबलचक नाव असलेली ही जागा नील स्लोन यांनी उभी केली. १९६४ मध्ये विद्यार्थी असताना त्यांना संशोधनात आकड्यांची एक ओळ भेटली. ती आधी कुणाला भेटली आहे का, हे शोधायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी अशा ओळी जमवायला सुरुवात केली. आधी छिद्रं पाडलेल्या कार्डांवर, मग १९७३ मध्ये पुस्तकात, आणि १९९६ पासून वेबवर. आज तिथे साडेतीन लाखांहून जास्त श्रेणी आहेत. चौकटीत चार-पाच आकडे टाका, ही ओळ कुठली, तिचा पुढचा आकडा कोणता आणि तिच्यावर कुणी काय लिहिलं आहे, हे समोर येतं. 'ऐका' असंही बटण आहे. ते दाबलं की आकडे सुरांत वाजतात. बरेचदा बेसूर, पण वाजतात.

तिथे १, ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३ असे आकडे टाका. उत्तर येतं: काप्रेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९. ४९४ अधिक २०९, पुन्हा ७०३. दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर डहाणूला १९०५ मध्ये जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठाचा आधार नव्हता. शाळेच्या वेळेबाहेर ते आकड्यांशी खेळत आणि सापडलेलं छोट्या पुस्तिकांत छापत. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम पोरखेळ समजून बाजूला ठेवलं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते सत्तरीचे होते आणि जगाला माहीत झाले.

त्याच कोठारात १, १२१, १२३२१ या ओळीपाशी 'डेम्लो संख्या' हे नाव सापडेल. तेही काप्रेकरांचंच, मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्टेशनवर ही कल्पना सुचली त्याचं नाव त्यांनी तिला दिलं. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. लोकल बंद पडून डोंबिवलीच्या फलाटावर अडकलेल्या माणसाला ही माहिती थोडा दिलासा देऊ शकेल.

आणि मग नेट जातं

हे सगळं चालू असताना कधीतरी कुठेतरी झाड पडतं, वीज जाते, पाठोपाठ वाय-फाय जातो. क्रोमवर पान उघडत नाही आणि करड्या रंगाचा एक छोटा डायनासोर दिसतो. संगणकावर स्पेसबार दाबा, फोनवर त्याला टिचकी मारा, तो धावत सुटतो. निवडुंग आला की उडी मारायची. गूगलच्या लोकांनी २०१४ मध्ये हा खेळ क्रोममध्ये घातला: इंटरनेट नाही म्हणजे आपण डायनासोरच्या काळात गेलो, एवढाच त्यातला विनोद. काही वेळाने आकाशातून उडते प्राणी येतात, दिवसाची रात्र होते. खेळ संपायला १ कोटी ७० लाख वर्षं लागतील असं तो बनवणाऱ्यांनी सांगून ठेवलं आहे. शाळा आणि कचेऱ्यांमध्ये लोक इतका वेळ त्यातच घालवू लागले, की व्यवस्थापकांना तो बंद करण्याची सोय द्यावी लागली.

बॅटरी लाल व्हायला लागली की फोनही ठेवा आणि कागद-पेन्सिल घ्या. काप्रेकरांचा सगळ्यात गाजलेला शोध मेणबत्तीच्या उजेडात करण्यासारखा आहे. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच. शून्य आलं तर तेही अंक म्हणून धरायचं.

विश्वचषकाचं साल घेऊ, १९८३. ९८३१ वजा १३८९, उत्तर ८४४२. पुढची उत्तरं ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आता ६१७४ चं करून पाहा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी तिथे थांबते. धोनीचं २०११ घेतलं तर चौथ्याच वजाबाकीला तिथे पोचतो. तुमचं जन्मवर्ष घ्या, स्कूटरचा नंबर घ्या, सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागणार नाहीत.

हे प्रत्येक वेळी होतंच का? काप्रेकरांवर किंवा या लेखावर विश्वास ठेवायची गरज नाही. पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज करा, तेच उत्तर. १९८३ साठी पहिला फरक ८, दुसरा ५. ७,९९२ अधिक ४५०, म्हणजे ८४४२. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असूच शकत नाही. म्हणजे हजारो संख्यांची उत्तरं मिळून होतात फक्त चोपन्न. तेवढ्यांचा माग काढून ती सगळी ६१७४ ला येतात हे तपासलं, की तुम्ही स्वतःच्या हाताने ते सिद्ध केलं. महावितरणची गाडी येईपर्यंत निम्मं काम नक्की होईल.